केकवरचा साखरेचा लेप : विकतचा की घरचा?



वाढदिवसाचा केक आता खेडोपाडी पोचला आहे. पूर्वी औक्षण व्हायचे, खीर नाही तर शिरा व्हायचा, झाला वाढदिवस. आता औक्षणही होते आणि केकही कापतात. तालुक्याहून केक आणायचा तर तो दुचाकीवर हेलकावे खात येतो. निम्मा डब्यालाच चिकटतो. म्हणून पुष्कळ गावांत बचत गटाच्या बायका घरीच केक करू लागल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. चार पैसे मिळतात आणि ते गावातच राहतात.

पण आता गिऱ्हाईक नुसत्या क्रीमवर खूश नसते. मोबाईलवरचे चित्र दाखवते आणि म्हणते, "आम्हाला अस्सा पाहिजे." चित्रातला केक कसा असतो? भिंतीला गिलावा करावा तसा वरून गुळगुळीत. त्यावर साखरेची बाहुली, साखरेचा बैल, साखरेची फुले. या साखरेच्या गिलाव्याला फॉन्डंट म्हणतात. शब्द फ्रेंच भाषेतला आहे. त्याचा अर्थ विरघळणारा.

हा फॉन्डंट विकत आणावा की घरी करावा, असे बायका आम्हाला नेहमी विचारतात. आज त्याचेच बोलू.

आधी तो असतो काय, ते बघू. फॉन्डंट म्हणजे साखरेची कणीक. अगदी बारीक पिठीसाखर मळून तिचा गोळा करायचा आणि पोळीसारखा लाटायचा. पण नुसती साखर पाण्यात मळली तर वाळल्यावर तिचा भुगा होतो. म्हणून तिला धरून ठेवणारे काहीतरी लागते. बहुतेक कृतींत त्यासाठी जिलेटिन घालतात. त्याने गोळ्याला ताण येतो. लिक्विड ग्लुकोज घातले की साखर पुन्हा खडा धरत नाही. ग्लिसरीनने गोळा मऊ राहतो. थोडे वनस्पती तूप घातले की तो हाताला चिकटत नाही.

घरी करण्याची रीत अशी आहे. एक किलो आयसिंग शुगर बारीक चाळणीने दोनदा चाळून घ्यावी. मिक्सरवर दळलेली साखर शक्यतो नको, ती कितीही दळली तरी दाताखाली कचकचते. पाव कप गार पाण्यात एक मोठा चमचा जिलेटिन पाच मिनिटे भिजवावे. मग ती वाटी गरम पाण्यात ठेवून जिलेटिन विरघळू द्यावे, उकळू नये. त्यात अर्धा कप लिक्विड ग्लुकोज, एक मोठा चमचा ग्लिसरीन आणि दोन मोठे चमचे वनस्पती तूप घालावे. ग्लिसरीन खाण्याचेच हवे. कातडीला लावायचे चालत नाही. साखरेत आळे करून हे मिश्रण ओतावे आणि मळावे. थोडी साखर हाताशी राखून ठेवावी, लागेल तशी घालावी. मळणे सोपे नाही, मनगटे भरून येतात. मग गोळा प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी लाटावा.

आता यातली मुख्य गोष्ट ऐका. जिलेटिन कशाचे करतात? ते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. दुकानात ते पांढुरक्या भुकटीच्या रूपात मिळते. बघून काही कळत नाही.

आमच्या ओळखीच्या एका बाईंनी नातवाच्या वाढदिवसाला बिनअंड्याचा केक करून दिला होता. वरचा लेप विकतचा होता, फुले घरच्या फॉन्डंटची होती. घरातल्या आजी म्हणाल्या, "बाई, मी माळकरी हाय. ह्यात काय वंगाळ न्हाई ना?" बाईंनी घरी जाऊन लेपाचे पाकीट पाहिले. त्यावर हिरवा ठिपका होता. मग जिलेटिनची डबी पाहिली. तिच्यावर तपकिरी खूण होती. त्या परत आल्या आणि सरळ सांगितले, "आजी, लेप चालेल, पण फुलं तुम्हाला चालायची नाहीत." आजींनी केक घेतलाच नाही. बाईंना वाईट वाटले. पण पुढच्या महिन्यात त्याच घराने दुसरा केक सांगितला, बिनफुलांचा.

म्हणून पाकीट आधी वाचावे. बहुतेक पाकिटांवरची अक्षरे इंग्रजी असतात, हे खरे. तरी तुम्हाला पुष्कळ कळते. चौकोनात हिरवा ठिपका असेल तर पदार्थ शाकाहारी. चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. जुन्या पाकिटांवर त्रिकोणाऐवजी तपकिरी ठिपका असायचा. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ फॉन्डंटवर हिरवा ठिपका असतो. त्यांत जिलेटिनऐवजी वनस्पतींचे डिंक वापरलेले असतात. त्यांतला एक तर आपल्या गवारीच्या बियांचा! आकडे तर तुम्हाला येतातच. तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचे ती तारीख, वजन आणि किंमत बघा. अक्षरांसाठी घरातल्या शाळकरी मुलीला बसवा. तिलाही बरे वाटेल.

घरीच करायचे आणि शाकाहारी हवे, तर जिलेटिनच्या जागी चायना ग्रास घालता येते. ते मात्र पाण्यात चांगले उकळावे लागते. या गोळ्याला ताण कमी असतो, लाटताना तो लवकर फाटतो. फुलापानांना ठीक आहे, सबंध केक झाकायला अवघड.

शाकाहारी राहून ही कला जमत नाही, असे मात्र समजू नका. रॉयल आयसिंग म्हणून साखरेचे दुसरे काम असते. त्यात रीतीप्रमाणे अंड्याचा पांढरा बलक घालतात. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी तेच काम अंड्याशिवाय केले. इटलीतल्या मिलान शहराच्या मोठ्या चर्चची शंभर किलोंची प्रतिकृती त्यांनी साखरेतून उभी केली. २०२२ साली त्यांचे नाव देशभर झाले.

आता हवेकडे वळू. संक्रांतीच्या हलव्याला काटा यायला थंडी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. साखरेला दमट हवा सोसत नाही. फॉन्डंट साखरेचाच. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, तो हाताला चिकटतो आणि बाहुलीची मान कलते. उन्हाळ्यात देशावर उलटी गत होते. झाकायला जरा उशीर झाला की त्याला भेगा पडतात. विकतचा फॉन्डंट दोन्हीकडे थोडा अधिक तग धरतो, कारण त्याचे प्रमाण दर वेळी सारखे असते. घरच्याचे प्रमाण हातावर असते. आज जमला, उद्या नाही.

लेपाखाली काय आहे, तेही बघावे लागते. ओल्या क्रीमवर फॉन्डंट टाकला तर तो पाणी धरून विरघळू लागतो. खाली लोण्याचे घट्ट क्रीम किंवा चॉकलेटचा थर असावा. आणि तयार केक फ्रिजमध्ये ठेवून ऐनवेळी बाहेर काढला की त्याला घाम फुटतो. हे घरच्याला होते, विकतच्यालाही होते.

पैशाचा हिशोब कागदावर मांडा. समजा, विकतचा फॉन्डंट ३०० रुपये किलो आहे. घरी एक किलो साखर १०० रुपये, ग्लुकोज ३०, ग्लिसरीन आणि तूप २०, चायना ग्रास ३०. झाले १८०. त्यात सव्वा किलो गोळा होतो, म्हणजे किलोला १४४ रुपये पडले. आठ इंची गोल केक झाकायला सुमारे पाऊण किलो लागतो. विकतचा २२५ रुपयांचा, घरचा १०८ रुपयांचा. वाचले ११७. हे भाव आम्ही समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या बाजारचे भाव तुम्ही घाला. पण पुढे लिहा : चाळायला आणि मळायला एक तास. शेतात त्या तासाची मजुरी धरता, मग इथे का धरत नाही? आणि चारांतला एक गोळा बिघडला तर त्याची साखरही हिशोबात लिहा.

आमचे मत विचाराल तर सबंध केक झाकायची ऑर्डर असेल, तेव्हा हिरव्या ठिपक्याचा पांढरा फॉन्डंट विकत आणावा. पावसाळ्यात तर दुसरा विचारच नको. रंगीत पाकिटे घेऊ नयेत, ती उरतात आणि वाळून जातात. फुले, पाने, अक्षरे घरच्या गोळ्याची करावीत. त्यात हात बसतो आणि बिघडले तरी नुकसान मूठभर साखरेचे. घरच्या पोराच्या वाढदिवसाला मात्र सगळे घरीच करून बघा.

आणखी एक सांगतो, राग मानू नका. अर्ध्या किलोच्या केकला फॉन्डंटचा गिलावा हवाच कशाला? पोरे तो सोलून ताटाच्या कडेला ठेवतात. क्रीमचा केक करा, वर साखरेची दोन फुले बसवा. दिसतो छान, पैसे कमी पडतात आणि खाल्लाही जातो. गोव्यात ईस्टरच्या सणाला काजूच्या मार्झिपानची अंडी करतात. ती काजूकतलीची जवळची बहीण. तशी फुले केलीत तर लोक चवीने खातील, पण काजूचे पैसे आधी सांगून घ्या.

रंग खाण्याचाच घ्या. कृत्रिम रंगांपैकी आठच रंगांना आपल्या देशात खाण्यात परवानगी आहे. जत्रेत मिळणारे गुलाबी म्हातारीचे केस ठाऊक आहेत ना? त्यांत कापड रंगवायचा रोडामाइन बी हा रंग सापडला, म्हणून तामिळनाडू सरकारने २०२४ साली त्यांची विक्री बंद केली. रंगोळीचा, कापडाचा किंवा सुट्या पुडीतला रंग केकला लावू नये. खाण्याचा रंगही काडीच्या टोकाने घ्यावा. तो मुरल्यावर गडद होतो.

ऑर्डर घेतानाच दोन गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवा : घरात कोणी माळकरी, जैन किंवा शाकाहारी आहे का, आणि केक किती वाजता कापणार. रिकामे पाकीट केक खाऊन होईपर्यंत फेकू नका. उरलेल्या गोळ्याला तुपाचा हात लावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको, फडताळात ठेवा, मुंग्यांपासून जपून.