गिटारवरचा मारवा




बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकला.
आज ऐकू या, या शिष्याच्या अखेरच्या अल्बमविषयी.

अल्बमचं नाव, ‘ब्रेनवॉश्ड’.

नोव्हेंबर २००१ मध्ये हॅरिसन गेला.
अल्बम अर्धाच राहिला होता.
तो पूर्ण केला मुलगा धनी आणि मित्र जेफ लिन यांनी.
धनी हे नावसुद्धा आपल्या सरगममधलं.
धैवताचा ध, निषादाचा नी!

नोव्हेंबर २००२ मध्ये अल्बम बाजारात आला.
समीक्षकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं.

त्यात एक रचना आहे, ‘मारवा ब्लूज’.
तिला शब्द नाहीत.
बोलते ती मुख्यतः गिटार.
मारवा म्हणजे आपला सांजवेळचा राग.
हुरहूर लावणारा.
तारांवरून सरकणारे गिटारचे सूर ऐकताना सतारीची मींड आठवते.
याच रचनेला २००४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

अल्बमचा शेवट होतो शिवपार्वतीच्या नामघोषानं.
बापलेकाच्या आवाजात.

तेव्हा श्रोतेहो, नाव लक्षात ठेवा, ‘मारवा ब्लूज’.
एखाद्या संध्याकाळी, दिवेलागणीला, जरूर ऐका.