सुनेची तारीख
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात शिंदखेडे मुक्कामी केलेले भाषण)



‘कुटुंब आणि आरोग्य’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने आज्ञा केली. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालो, मास्तरकी पत्करली आणि ३५ वर्षे प्राथमिक शाळेत मुलांची हजेरी घेतली, एवढीच आमची पुंजी. म्हणून आरोग्यशास्त्र सांगण्याचा आव न आणता आमच्या घरी गेल्या वर्षी जे घडले ते, आमच्या दोषासकट, आपणांपुढे ठेवतो. घरची गोष्ट चार लोकांत सांगू नये अशी रीत आहे, परंतु सूनबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सांगा नाना, दुसऱ्या कोणाच्या कामास येईल.”

आमच्या घरी आम्ही, आमच्या सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई आणि पावणेदोन वर्षांचा नातू अशी पाच माणसे. आपल्या तालुक्यातील अनेक तरुणांप्रमाणे चिरंजीव पोटासाठी सुरतेस असतात व पंधरवड्याने गाडीने येतात. म्हणजे महिन्यातील सव्वीस दिवस घराचा सर्व भार सूनबाईंवर. त्यांना पुन्हा दिवस राहिले, तेव्हा दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर असावे हा विचार आम्ही वडीलधाऱ्यांनी घरात कधी बोलूनही दाखविला नव्हता. तोही आमचाच दोष.

त्या वर्षी घरात दुखण्याखुपण्यांची रांग लागली होती. सौभाग्यवतींचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म धुळ्यास झालेले, त्यामुळे डोळा दाखविण्यास वारंवार जावे लागे. आम्हांस रक्तदाब, दरमहा तपासणी आणि गोळ्या. नातवाची लस राहिलेली. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा, त्रिगुणीची वर्धक मात्रा आणि पोलिओचा डोस द्यावयाचा असतो. पण लसीच्या दिवशी त्याला नेमका ताप येई. धुळे येथून सुमारे ५० किलोमीटर. आपल्या गावास रेल्वे आहे खरी. पण सुरत–भुसावळ मार्गाची गाडी एकीकडे दोंडाईचा-नंदुरबारला आणि दुसरीकडे अमळनेर-जळगावला नेते, धुळ्यास नेत नाही. तेव्हा एस. टी. हाच आधार. कडेवर मूल, खांद्यावर पिशवी, एका हाताने सासूचा हात धरलेला आणि मागून आम्ही काठी टेकीत, अशी आमची स्वारी निघे. डॉक्टरांच्या दारी क्रमांक लावणे, कागद सांभाळणे, औषधे घेणे, परतीची गाडी विचारणे, सारे सूनबाईच करीत. आणि आम्ही शेजाऱ्यांजवळ कौतुक करीत असू की, “आमची सून म्हणजे घरचा कर्ता पुरुष.” ते कौतुक खरे होते. पण कौतुकाने कोणाचे ओझे हलके होत नाही, हे उशिरा कळले.

स्वयंपाकघरात भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख आणि सर्वांची डॉक्टरांची भेट सूनबाई नेमाने लिहीत. ‘नाना – बी. पी.’, ‘आई – डोळा’, ‘बाळ – लस’. स्वतःची तारीख मात्र त्या नुसत्या टिंबाने दाखवीत.

सातवा महिना लागला होता. एके दिवशी सौभाग्यवतींचा डोळा आणि आमचा रक्तदाब, दोन्ही कामे एका खेपेत उरकावी म्हणून आम्ही सारे धुळ्यास गेलो. कामे झाली. परतीच्या गाडीसाठी बसस्थानकावर उभे असता सूनबाई एकाएकी पांढऱ्याफटक पडल्या आणि नातवाला आमच्या हाती देऊन खालीच बसल्या. क्षणभर त्यांना शुद्ध नव्हती. सकाळपासून मुलाला भरविले, आम्हांला डबा उघडून दिला; त्यांच्या पोटात केवळ चहा होता आणि हे आम्हां दोघांपैकी कोणीही पाहिले नव्हते.

चार माणसे धावली, रिक्षा मिळाली, जवळच्या इस्पितळात नेले. रक्त तपासले तो हिमोग्लोबिन ७.८. गर्भवतीच्या रक्तात हे प्रमाण निदान ११ असावे लागते आणि ७ च्या खाली गेले म्हणजे रक्तक्षय तीव्र समजतात, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. त्यांनी माता व बाल संरक्षण कार्ड मागितले. ते पिशवीत होते. आमची सर्वांची कागदपत्रे वर आणि ते तळाशी. पहिल्या तपासणीची नोंद होती. त्यापुढचा रकाना कोरा. बाईंनी आमच्याकडे पाहून एवढेच विचारले, “या तुमच्याबरोबर इतक्या वेळा दवाखान्यात आल्या, मग यांना कोणी का दाखविले नाही?”

बंधुभगिनींनो, ३५ वर्षांत एखादे पोर लागोपाठ तीन दिवस वर्गात दिसले नाही, तर आम्ही त्याच्या घरी जाऊन चौकशी करीत असू. आणि घरातील ही एक हजेरी आम्ही घेतली नव्हती. त्या प्रश्नास आम्ही उत्तर देऊ शकलो नाही.

घरी येऊन दिनदर्शिका उतरविली आणि मागची पाने चाळली. तेव्हा ती टिंबे प्रथमच नीट पाहिली. एका महिन्यातील टिंबाला बाण काढून ते पुढे सरकविलेले, कारण त्या दिवशी आमचा रक्तदाब होता. दुसरे टिंब सरकविले ते कानबाईसाठी. भाऊबंदांचा गोतावळा घरी जमलेला, रोटांची तयारी, मग गर्भार सुनेने दवाखान्यात जावे कसे? तिसरे सरकविले नातवाच्या तापासाठी. तीन बाण, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या कोणासाठी. त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती, आणि त्या बोलल्या नाहीत म्हणून आम्ही समजलो की सर्व ठीक आहे.

आता, हे घर काही जगावेगळे नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. आणि उपाय दूर आहेत म्हणावे, तर तसेही नाही. गर्भवतीची निदान चार वेळा तपासणी व्हावी असा नियम आहे : पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी छत्तिसाव्या आठवड्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१६ पासून आठ भेटी सांगितल्या आहेत. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची तपासणी डॉक्टरांकडून विनामूल्य होते. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, औषधे, तपासण्या व जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य केले. लोहाच्या गोळ्या आशाताई घरी आणून देतात. आमच्याही घरी दिल्या होत्या; पण कधी घेतल्या, कधी राहिल्या, आणि घेतल्या त्या चहाबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही, हे आम्हांस त्या दिवशी कळले. म्हणजे उणीव सोयीची नव्हती. उणीव होती ती सुनेची तारीख सांभाळणाऱ्या माणसाची.

कोणी वडीलधारी म्हणतील, “आमच्या आया शेतात निंदणी करता करता बाळंत झाल्या, त्यांना कुठे तपासण्या होत्या?” खरे आहे. पण ज्या वाचल्या त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो. आमची एक काकू बाळंतरोगाने गेली. तिचे नावही आज घरात कोणी घेत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. एका मातेने एवढ्या मोलाने जी वाट उघडली, त्या वाटेने आपल्या सुनेस गावातल्या गावात नेण्यासही आपण सवड काढू नये काय?

असो. पुढे काय केले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी आम्ही लाल शाईची दौत काढली, आणि दिनदर्शिकेत प्रथम सूनबाईंच्या तारखा मांडल्या. उरलेल्या दिवसांत बाकीच्यांच्या. लाल तारीख सरकवावयाची नाही, मग घरी पाहुणे येवोत की सण येवो. आमचा रक्तदाब आम्ही एकटे जाऊन गावातच तपासू लागलो. पाय धड आहेत, अक्षर वाचता येते, मग सोबत कशाला? सौभाग्यवतींचा डोळा दाखविण्यास आम्ही नेऊ लागलो. नातवाला लस आम्ही आणि आशाताईंनी मिळून दिली. पोर रडले, आम्हीही थोडे रडलो. चिरंजीवांना स्पष्ट लिहिले की, महिन्यात एक खेप ९ तारखेची धरावी आणि पत्नीबरोबर स्वतः जावे. ते येऊ लागले. दुपारी जेवणानंतर गोळी हाती देण्याचे काम सौभाग्यवतींनी घेतले, आणि सर्वांच्या अगोदर सूनबाईंचे ताट वाढण्याचेही. सासूने सुनेचे ताट आधी वाढावे, ही आमच्या घरी नवीनच गोष्ट होती. प्रथम दोघीही संकोचल्या. आठ दिवसांत सवय झाली.

डॉक्टरांनी शिरेतून लोहाचे औषध दिले. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.२ झाले. ज्या बाईच्या अंगात रक्तच कमी, तिला बाळंतपणातील थोडा रक्तस्रावही झेपत नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते वाक्य आम्हांस प्रसूतीच्या रात्री बाकावर बसलो असता सारखे आठवत होते. पहाटे नात झाली, वजन २ किलो ७०० ग्रॅम. मायलेकी सुखरूप. देवाची कृपा म्हणावयाची. पण त्या कृपेच्या भरवशावर पुन्हा राहणार नाही, असा आम्ही कानाला खडा लावला आहे.

आपल्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. लेकीला विसावा हवा, हे आपल्या पूर्वजांना कळत होते. आपली सून ही कोणाची तरी लेकच आहे. तिला वर्षातून एक आखाजी पुरत नाही. पोटी जीव असता तर मुळीच नाही.

मंडळास दोनच सूचना करतो. आपली दिनदर्शिका छापाल तेव्हा प्रत्येक महिन्याची ९ तारीख लाल शाईत छापावी. आणि ज्या घरी पुरुष परगावी आहे, म्हातारी माणसे आजारी आहेत आणि सून गर्भार आहे, अशा घरांची यादी गावोगावच्या सभासदांनी ठेवावी. त्या दिवशी कोणी सोबत जावे, कोणी मूल सांभाळावे. यास पैसा लागत नाही. अर्धा दिवस लागतो.

आज घरी गेल्यावर आपापली दिनदर्शिका पाहा. तीत घरच्या सुनेची तारीख कोठे आहे, आणि ती कोणासाठी सरकली आहे, एवढेच शोधा. आमच्यासारखे बसस्थानकावर शिकण्याची पाळी आपणांपैकी कोणावर न येवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद!