लाल रेघ पाळा, औषध वाचवा

(कामगार शिबिरातील भाषण)



पगार, रजा, बढती, पेन्शन या प्रश्नांवर आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही औषधाच्या गोळीविषयी बोलणार आहोत. हाही कामगारांचाच प्रश्न आहे.

1954 साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन देशातच तयार व्हावे, गरिबाला परवडावे, हा त्यामागचा हेतू. पूर्वी चिघळलेल्या जखमेने, न्यूमोनियाने, बाळंतरोगाने माणसे दगावत. अशा औषधांनी ती वाचू लागली. हीच औषधे आज निकामी होऊ लागली आहेत. गरज नसताना अँटिबायोटिक घेतले की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे मेली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

आता तालुक्याच्या गावचे लहान रुग्णालय पाहा. खाटा थोड्या, डॉक्टर एखादाच, बाहेर लांब रांग. कोणता जंतू आहे हे तपासण्याची सोय नाही. मग अंदाजाने जबर औषध लिहिले जाते. आणि आपणही तेच मागतो. ट्रॅकमनला उद्याची ड्युटी गाठायची असते. ग्रामीण डाक सेवकाला रजेवर जायचे तर बदली माणूस बघावा लागतो. म्हणून 'सुई द्या, जोराची गोळी द्या' हा आग्रह. वास्तविक सर्दी-पडसे, साधा खोकला हे बहुधा विषाणूंचे आजार. त्यांवर अँटिबायोटिक चालतच नाही.

लहान रुग्णालयाला यावर उपाय करता येतो, त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. नेहमीच्या आजारांवर कोणते औषध, किती दिवस, याचा लेखी तक्ता भिंतीवर असावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली या औषधांचे तीन गट केले: नेहमीची, जपून वापरायची व राखीव. सुरुवात नेहमीच्या औषधाने व्हावी. दाखल रोग्याचे औषध दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासावे. गरज नसेल तर बंद करावे. बहुतेक शस्त्रक्रियांना चिरफाडीच्या आधीचा एक डोस पुरतो. टाके निघेपर्यंत गोळ्या चालू ठेवण्याचे कारण नाही. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक रोग्याला हात लावण्याआधी व नंतर हात धुणे.

केरळ राज्याने 2018 साली यासाठी स्वतंत्र कृती आराखडा केला. 2024 मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर मोहीम काढली. कायदा तर देशभर आहे. 1 मार्च 2014 पासून ठरावीक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, डॉक्टर व रोगी यांची नावे वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. पाकिटावरील लाल रेघ तेच सांगते: चिठ्ठीशिवाय घेऊ नका. रेल्वेचा माणूस लाल सिग्नल ओलांडत नाही. ही रेघही ओलांडू नये.

तेव्हा आपण काय करायचे? दुकानदाराला विचारून गोळी घ्यायची नाही. उरलेली गोळी शेजाऱ्याला द्यायची नाही. डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्यायचे. 'हे कशासाठी?' असे नम्रपणे विचारायचे.

मात्र उपदेश एकट्या कामगाराला करून भागणार नाही. आजारी माणसाला विश्रांती मिळाली तर तो जोराची गोळी मागणार नाही. म्हणून आमची मागणी आहे: आजारपणाची रजा विनातक्रार मिळावी, रिक्त जागा भराव्यात, रेल्वेच्या प्रत्येक हेल्थ युनिटचे नमुने विभागीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वेळेवर पोचावेत. टीबीच्या थुंकीचे नमुने टपालाने पोचविण्याचे काम पोस्ट खात्याने काही जिल्ह्यांत केलेच आहे. गावच्या रुग्णालयांसाठी तीच वाट रुंद करता येईल.

प्रत्येक शाखेने पुढच्या सभेत हा विषय घ्यावा आणि आपल्या गावच्या रुग्णालयात तो तक्ता लागला आहे की नाही, हे जाऊन पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.