जिंकून उठतांना

जुगारांतील सभ्यतेविषयीं बोलूं लागलें कीं चोराच्या प्रामाणिकपणाविषयीं बोलल्यासारखें वाटतें. तरीहि चार माणसें एका टेबलाभोंवतीं वारंवार बसूं लागलीं म्हणजे कांहीं शिष्टाचार आपोआप उत्पन्न होतो, आणि तो कोणी मोडला हें त्या बैठकींतील प्रत्येकास न सांगतां कळतें. अमेरिकेंतील पोकर या पत्त्यांच्या खेळांत असा एक प्रश्न वारंवार उभा राहतो. मोठा डाव जिंकलेल्या माणसानें लगेच उठून जावें काय?

हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत न्यू ऑर्लिन्स शहरांत व मिसिसिपी नदीवरील आगबोटींत वाढला. त्याचा एक विशेष ध्यानांत घेतल्यावांचून वरील प्रश्न समजणार नाहीं. रुलेटच्या चक्रावर जिंकणारा मनुष्य जुगारगृहाचे पैसे जिंकतो. तो उठून गेला तर शेजाऱ्यास वाईट वाटण्याचें कारण नसतें. पोकरमध्यें जुगारगृह स्वतः खेळत नाहीं, आपली नाल तेवढी काढून घेतें. जिंकलेली प्रत्येक चकती समोरच्या माणसाच्या पुढ्यांतून आलेली असते, आणि तो मनुष्य अजून तेथेंच बसलेला असतो.

खेळाचा कायदा उठणाऱ्याच्या बाजूचा आहे. हातांतला डाव संपला कीं वाटेल तितकें जिंकून उठण्यास प्रत्येकजण मोकळा आहे. मनाई आहे ती जिंकलेल्यांतला कांहीं भाग खिशांत घालून खेळत राहण्याची. समजा, एकानें शंभर डॉलरचे पांचशें केले व चारशें हळूच खिशांत टाकले. मग हरलेल्याला पुढें कितीहि चांगलीं पानें आलीं तरी एका डावांत त्या गृहस्थाकडून शंभराहून अधिक परत मिळवितां यावयाचें नाहीं. अमेरिकन खेळाडू या लबाडीस 'दक्षिणेस जाणें' म्हणतात. तिचें दुसरें नांव उंदराच्या बिळावरून पडलें आहे. गंमत अशी कीं, चारशें लपविणारा दोषी, आणि पांचशेंच्या पांचशें घेऊन दारांतून बाहेर पडणारा निर्दोष! या पळवाटेवर उपाय म्हणून 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर' या नियमावलींत एक कलम आहे. उठून गेलेला खेळाडू तासाभराच्या आंत त्याच खेळांत परत बसूं पाहील, तर नेलेली सर्व रक्कम त्यानें पुन्हां पुढ्यांत मांडली पाहिजे. जावयाचें तर खुशाल जावें, जाण्याचें सोंग मात्र करूं नये, एवढेंच कायद्याचें म्हणणें.

यापुढचा प्रांत शिष्टाचाराचा, आणि तो घरगुती बैठकींत विशेष स्पष्ट दिसतो. ओळखीचीं सहा माणसें दर शुक्रवारीं एकाच्या घरीं जमतात अशी कल्पना करावी. आठ वाजतां खेळ सुरू झाला. नऊच्या सुमारास एकानें शेजाऱ्याच्या बहुतेक सर्व चकत्या एका डावांत ओढल्या, आणि लगेच त्याचें लक्ष घड्याळाकडे गेलें. घरीं मूल आजारी असल्याचें त्यास स्मरण झालें. मूल खरोखरीच आजारी असेल. परंतु तें आठ वाजतांहि आजारीच होतें, आणि तेव्हां त्यानें तसें सांगितलें असतें तर कोणाच्या कपाळास आठी पडली नसती. साऱ्या शिष्टाचाराचें मर्म या एका तासांत आहे. जाण्याची वेळ जिंकण्यापूर्वीं सांगितलेली असावी. सांगावयाचें राहिलेंच असेल, तर निदान 'आणखी एक फेरी' असें म्हणून ती पुरी खेळावी. आणि उठतांना चकत्या मोठ्यानें मोजूं नयेत.

मग हरलेल्याचा हक्क तरी कोणता? पैसे परत मागण्याचा तर नव्हेच. तो संधि मागतो. पण पत्त्यांना स्मरणशक्ति नसते. दोन तास अधिक खेळल्यानें गेलेलें परत येईल तसें आणखीहि जाईल; शिवाय चिडलेला मनुष्य वाईट खेळतो. त्या शेजाऱ्याच्या खिशांत पुढच्या महिन्याच्या घरभाड्याचे पैसे असतील, व पत्नीस तें ठाऊक नसेल. त्याला संधि देण्यासाठीं पहांटेपर्यंत बसून तेहि जिंकून घेणारा मित्र सभ्य, आणि साडेनऊला उठणारा असभ्य! येथें शिष्टाचार आंधळा आहे असें स्पष्ट म्हटलें पाहिजे. अशा वेळीं यजमानानें पत्ते गोळा करून कॉफी मागवावी, त्यांतच त्या शेजाऱ्याचें हित आहे. जिंकलेल्यानें आपल्या राशींतून त्यास उसने देऊन पुन्हां खेळावयास बसविणें ही तर उदारपणाच्या वेषांतली क्रूरता होय.

टेबलाला दिलेला शब्द किती जड वाटतो याचा मासला रिचर्ड निक्सन यांच्या आठवणींत सांपडतो. दुसऱ्या महायुद्धांत ते आरमाराचे अधिकारी म्हणून पॅसिफिक महासागरांतील बेटांवर होते. प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्यासमवेत भोजनाचें निमंत्रण त्यांना आलें. परंतु त्याच वेळीं पोकरच्या बैठकीचें यजमानपद स्वीकारलेलें असल्यानें त्यांनीं तें नाकारलें. युद्धकाळांत पोकरवर मिळविलेल्या पैशांचा त्यांना १९४६ च्या पहिल्या निवडणुकींत उपयोग झाला, तेव्हां केव्हां उठावें हेंहि त्यांना कळत असलें पाहिजे.

सर्वांस तें कळतें असें नाहीं. डॅलसचे पेढीवाले अँडी बील यांनीं २००६ च्या फेब्रुवारींत लास व्हेगास येथें धंदेवाईक खेळाडूंच्या एका गटाकडून एक कोटीहून अधिक डॉलर जिंकले. त्यांच्या उठण्यांत कांहीं गैर नव्हतें. पण त्याच महिन्यांत ते परत खेळावयास बसले, आणि फिल आयव्ही या खेळाडूनें तीन दिवसांत त्यांच्याकडून १ कोटी ६६ लाख डॉलर जिंकून घेतले. अर्ध्या वाटेवरून अनुद्यूतास परत फिरलेल्या युधिष्ठिराची श्रोत्यांस येथें आठवण होईल. त्याला निदान आव्हान न नाकारण्याचें व्रत तरी होतें.

आर्ची कारास याची कथा याहून चमत्कारिक आहे. १९९२ च्या अखेरीस तो अवघे ५० डॉलर घेऊन लास व्हेगासला आला, असें सांगतात. त्याची पुंजी वाढत सुमारे ४ कोटींपर्यंत गेली. मोठमोठे पोकर खेळाडू त्याच्यासमोर बसण्याचें टाळूं लागले. मग तो फासे व बॅकारा यांकडे वळला, म्हणजे जुगारगृहाशींच खेळूं लागला, आणि १९९५ मध्यें तें सारें धन गेलें. माणसें कंटाळून किंवा घाबरून उठतात. जुगारगृहास उठावयाचेंच नसतें.

घरच्या बैठकीस हें भय नाहीं. तेथें घड्याळ सर्वांचेंच असतें. त्या सहा जणांनीं पुढच्या खेपेस पहिलें पान वाटण्यापूर्वीं साडेदहाची वेळ ठरविली. मुलाच्या आजाराचें निमित्त सांगितलेला गृहस्थ त्या रात्रीं हरत होता. साडेदहा वाजले तेव्हां त्यानें हातांतली पानें खालीं ठेविलीं, चकत्या डब्यांत भरण्यास यजमानास मदत केली, आणि ज्याच्याकडे त्याचे पैसे गेले होते त्या शेजाऱ्याबरोबरच तो बोलत घरीं गेला.