धसकटातले दुसरे धान



धान कसे पिकवावे, हे लाखांदूरच्या मंडळींना मी काय सांगणार? चुलबंद नदीच्या काठी तुमच्या कैक पिढ्या बांधीत राबल्या. मी बोलणार आहे ते धान कापल्यावर मागे काय उरते त्याविषयी. म्हणजे धसकटाविषयी.

धान कापले की ते मेले, असे आपण समजतो. ते खरे नाही. बांधीत ओल असली तर थोड्याच दिवसांत धसकटाला हिरवे कोंब फुटतात. तुम्ही ते पाहिलेच आहेत. ढोरे येतात, कोंब खातात, गोष्ट तिथेच संपते. पण कोंब राखले तर त्यांनाही लोंबी येतात. उसाचा खोडवा घेतात ना? तसाच हा धानाचा खोडवा.

यात फायदा काय? नवे बी नको. पऱ्हे नको. चिखलणी नको. बायामाणसांची कंबर मोडणारी रोवणी नको. मुळे जमिनीत तयारच असतात. म्हणून हे पीक सुमारे दोन महिन्यांत हाती येते. उत्पन्न मात्र कमी. पहिल्याच्या निम्मे आले तरी चांगले म्हणावे.

मग सगळ्यांनीच खोडवा राखावा काय? थांबा. घाई करू नका.

अमेरिकेत टेक्सास भागात असा खोडवा घेतात. पण तिथे पहिले धान जुलै-ऑगस्टमध्ये कापतात. पुढे उबेचे दिवस असतात. आपले भारी धान कापायला नोव्हेंबर उजाडतो. पुढे थंडी. फुलोऱ्यात रात्री गारठल्या तर दाणा भरत नाही. लोंब पोचट राहते. म्हणून आपल्याकडे करून पाहायचे ते हलक्या धानावर. जे ऑक्टोबरात निघते आणि ज्याच्या बांधीला तळ्याचे किंवा विहिरीचे पाणी आहे, त्यावरच.

कापताना वीत-दीड वीत खुंट ठेवा. बांधी सुकू देऊ नका. कापल्यावर लगेच थोडे खत आणि पाणी द्या. एक गोष्ट विसरू नका. खोडकिडा धसकटातच दडून राहतो. जिथे कीड पडली होती, तिथे खोडवा नकोच. ती बांधी नांगरून टाका.

आणखी दोन अडचणी आहेत. कापणी झाली की आपण ढोरे मोकळी सोडतो. एकट्याने खोडवा राखून भागत नाही. गावाने बसून ठरवावे लागते. दुसरे, उभ्या धानात आपण लाखोळी फेकतो. खोडव्याला पाणी दिले तर लाखोळी सडेल. दोन्ही एका बांधीत साधत नाही. घरची डाळ सोडून पोचट धान पदरी पडले, तर ते नुकसानच.

म्हणून एकच लहान बांधी निवडा. खर्च लिहा. दिवस लिहा. धान मोजा. आता तुम्हाला लिहिता येते, ते इथे कामी आणा.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नांदेड गावी दादाजी खोब्रागडे होते. १९८३ साली त्यांना आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंबी दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे पारखल्या. त्यातून एच.एम.टी. धान आले. ते काही पंडित नव्हते. पण ते आपल्या बांधीकडे नीट पाहत होते.

तुम्हीही पाहा. साकोलीला धानाचे संशोधन केंद्र आहे. आपली वही घेऊन तिथे जा आणि विचारा. धसकट फुकट आहे, पण आपली मेहनत फुकट नाही.