पावसात डिश गप्प, रेडिओ चालू



१९७५ साली ‘साइट’ प्रयोगात एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांसाठी दूरदर्शनचे कार्यक्रम दिले गेले. उपग्रहाची उलगडणारी अँटेना ३० फुटी, म्हणून खाली कोंबड्यांच्या जाळीची १० फुटी डिश पुरली. आता घरावरची डिश जेमतेम दोन फुटांची. मग ऐन मुसळधार पावसात, हवामानाची बातमी हवी तेव्हाच, चित्र का जातं?

आजच्या डिशची लहर आखूड, सुमारे अडीच सेंटिमीटर. त्यामुळे डिश लहान झाली खरी, पण अशी लहर पावसाचे थेंब शोषून घेतात. रेडिओच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांब. त्यांना पाऊस अडवत नाही.

तेव्हा एवढं करा :

१. पावसाळ्याआधी डिशचे नट आवळा, समोरची फांदी छाटा.

२. पावसात चित्र गेलं तर डिश फिरवू नका. पाऊस ओसरला की ते परत येतं. विजा कडाडताना छपरावर तर चढूच नका.

३. सेलवरचा रेडिओ आणि जादा सेल कोरड्या जागी ठेवा.

विजांची खरखर येईल, घरातली लाइट जाईल. पण इशारा कानी पडेल, बरं का!