घरातील चित्रशाळा
(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



माझा सारा जन्म चित्रकलेचा शिक्षक म्हणून गेला. तेव्हा मी शाळेविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज मला घराविषयी बोलावयाचे आहे.

माझी कन्या लातूरला दिलेली आहे. २०२० साली साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा तिची मुलगी पहिलीत होती. पुढे शाळा उघडल्या, तरी तिला घरीच शिकवावे व यथाकाल राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेस बसवावे, असे तिच्या मातापित्यांनी ठरविले. 'लातूर पॅटर्न'च्या त्या नगरीत हा निर्णय म्हणजे केवढे धाडस, हे आपणांस सांगावयास नको. मी स्वतः त्यास विरोध केला होता. अखेर चित्रकला तेवढी माझ्याकडे आली.

पहिल्याच धड्यात मी चुकलो. नांदेडला आली असता नातीने गोदावरीचे चित्र काढले व पाणी तांबूस रंगविले. मी म्हणालो, "बाळ, पाणी निळे असते." ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही कधी पाहिलंत निळं?" श्रावणातील गोदावरी मी लहानपणापासून पाहत आलो आहे; ती निळी कधीच नव्हती. निळे पाणी मी फक्त माझ्या फळ्यावर पाहिले होते, आणि तेच किती वर्षे किती मुलांस उतरवून घ्यावयास लावले!

त्या रात्री मला झोप आली नाही, त्याचे कारण मात्र निराळे होते. माझा मुलगा दहावीत असता मी त्याची रंगपेटी माळ्यावर टाकली होती. चित्रकलेच्या शिक्षकाने! गुण मिळाले, नोकरीही मिळाली. पण त्याने पुन्हा कुंचला हाती धरला नाही, आणि त्या विषयावर तो माझ्याशी आजही बोलत नाही. आता रेखाकला परीक्षांसाठी दहावीस वाढीव गुण मिळतात, म्हणून तीच पालकमंडळी रंगपेट्या घेऊन धावतात. यात कलेचा मान वाढला असे मला वाटत नाही.

मूल जे दिसते त्याहून जे ठाऊक असते ते काढते. विहिरीच्या भिंतीआडचा मासा ते दाखविते, बाजूने काढलेल्या बैलासही दोन डोळे देते. व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग उघडला, तो ही दृष्टी मोडावयाची नाही या भूमिकेतून. आपल्या सेवाग्रामी १९४४ पासून देवीप्रसाद यांनी नयी तालीमच्या मुलांना चित्रकला शिकविली, तीही याच श्रद्धेने. म्हणून मी एकच नियम पाळतो: मुलाच्या कागदावर आपला हात चालवावयाचा नाही.

साहित्याची अडचण कोणी सांगू नये. गेरू, हळद, काजळ, नीळ आणि बाभळीचा डिंक एवढ्यावर आमचे वर्षभर भागले. पोळ्याला काळ्या मातीचे बैल आपण सर्वांनीच केले आहेत.

परंतु खरा धडा आपल्या माळ्यावरच होता. रंगपेटी शोधावयास गेलो, तो आजोबांच्या ठशांचे गाठोडे हाती लागले. आपण रंगारी, कापड रंगविणे व छापणे हा आपला पिढीजात व्यवसाय. १८६९ च्या सुमारास जर्मनीत व इंग्लंडात कृत्रिम अलिझरीन तयार झाले, १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली, गिरण्यांचे छापील कापड आले, आणि आपली भांडी थंडावली.

नातीने व मी हिरड्याच्या काढ्यात पांढरे कापड भिजवून वाळविले. एका ठशाने तुरटीचे पाणी व दुसऱ्याने लोखंडाचा गंज गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला रस छापला. गंजाचे छाप तेथल्या तेथे काळे पडले; तुरटीचे मात्र जवळजवळ दिसतही नव्हते. मग कापड धुऊन आलाच्या मुळीबरोबर उकळले, आणि तुरटीच्या जागी तांबडी फुले उमटली. मुलगी भांड्यापाशीच बसून राहिली. रसायनशास्त्र तिला मी शिकविले नाही, "तुरटीनेच का?" हे तिनेच विचारले.

किनार छापताना गणितही आले. कापड ३६ इंच, ठसा अडीच इंच. १४ छाप बसून एक इंच उरला. मी म्हटले, कापड कापू. तिने मात्र दोन्ही टोकांस अर्ध्या अर्ध्या इंचाचे फूल हाताने काढले व किनार पुरी केली. आजोबांनी काय केले असते कोण जाणे. मला तरी ते सुचले नव्हते.

ते कापड मी मुलाकडे पाठविले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.

मंडपाच्या दाराशी मेजावर तिचे दुसरे कापड व आमचे अकरा ठसे ठेवले आहेत. मुलांना हाताळू द्यावे. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर असे गाठोडे असेल. फुटके असले तरी ते जळणात घालू नका; पुढच्या मेळाव्यास येताना बरोबर आणा, आणि ते कोणाच्या हातचे, हे घरच्या वडीलधाऱ्यांस आजच विचारून ठेवा.